पुनवेचं पाणी

समुद्रकाठच्या त्या पडक्या चर्चला कसं जावं, काय न्यावं, कुठं जपावं, हे मी लोकांना वर्षानुवर्षं सांगत आलो. ज्या सकाळी खरोखर नीट सांगायची गरज होती, त्या सकाळी मी चुकीचं सांगितलं आणि बरोबर सांगणाऱ्या माणसाच्या तोंडात मारली. तो माणूस म्हणजे माझी बायको.

लढाईचे दिवस होते. मी नगरच्या एका मिशन शाळेत मास्तर होतो. एका नाताळच्या सुट्टीत मी आणि शाळेतला एक सोबती कोकणात जाऊन आलो. पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. मागं भट्टी लावलेली ती मोटार प्रत्येक चढावर थांबायची, आणि आम्ही उतरून ढकलायचो. अलिबागच्या खाली एका मच्छीमार गावात पोचलो तेव्हा आम्ही दोघंही कोळशासारखे दिसत होतो.

त्या गावाबाहेर वाळूतच एक जुना कोट आहे. फिरंग्यांनी बांधलेला, त्याच्या आधीही तिथं बंदर होतं म्हणतात. तटाच्या आत छप्पर नसलेल्या इमारती, नारळाच्या मुळांनी उकललेले चौथरे. किनाऱ्यापासून थोडं आत समुद्रात काळ्या खडकाचं एक बेट, त्यावर एका लहान चर्चच्या भिंती आणि एक कमान अजून उभी. मधली वाळूची पट्टी ओहोटीला उघडी पडते. आम्ही ऐन दुपारी तिच्यावरून चालत गेलो. पाणी घोट्याला लागलं नाही. कमानीखाली उभं राहून मी एक स्तोत्र म्हटलं. भिंतींनी माझा आवाज मला परत दिला, आणि तो मला फार आवडला.

नगरला परतलो तो समुद्राचा जाणकार होऊन. आमच्याकडे सीनेचं पात्र वर्षातले बरेच महिने कोरडं असतं. समुद्र पाहिलेला माणूस म्हणजे मोठीच गोष्ट. उपासना संपली की लोक अंगणात मला गाठत आणि मी सांगत असे. भाकरी दोन दिवसांपुरतीच न्या, दमट हवेत तिला बुरशी धरते. दशम्या जास्त टिकतात. पाण्याची सुरई न्या, तिथल्या काही विहिरी मचूळ आहेत. नारळाच्या झाडाखाली झोपू नका. खडकावर अनवाणी चालू नका, कालवांच्या शिंपा वस्तऱ्यासारख्या कापतात. पडक्या भिंतीला टेकू नका, आणि बसण्याआधी काठीनं दगड वाजवा, खाली फुरसं, म्हणजे विषारी साप, असतं. हे सगळं खरं होतं, आजही खरं आहे.

मग समुद्राचं. "दुपारी जेवणाच्या सुमाराला पट्टी उघडी पडते," मी सांगायचो. "तेव्हा खुशाल जा. पाणी चढायला लागलं तर आवाज येईल. सीनेला लोंढा येताना येतो तसा. ऐकू आला की निघा."

आम्हा नगरकरांना पाणी माहीत ते असं. ते वरून येतं, एका बाजूनं येतं, गरजत येतं. कोरड्या पात्रातून जाताना आम्ही कान देऊन जातो. समुद्रालाही मी तेच कान लावले. भरतीची वेळ रोज पुढं सरकते, ती चंद्रावर चालते, हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक होण्याची सोयही आमच्या घरात नव्हती.

माझे आजोबा ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांनी घरातलं पंचांग चुलीत घातलं. माझे वडील खेड्यापाड्यांतून उपदेश करत फिरत. पुनव, अवस, एकादस हे शब्द घरात कुणी उच्चारायचे नाहीत, असा त्यांचा नियम होता. एकदा शेजारच्या कुणब्याच्या पोरांबरोबर खेळून आलो आणि "आज अवस, आज नांगर धरत नाहीत" असं सहज बोलून गेलो. वडिलांनी वेताची छडी मोडेपर्यंत मला मारलं. मारताना ते रडत होते. मार आणि माया एकाच हातानं येतात हे मी तिथं शिकलो, आणि मास्तर झाल्यावर तोच हात वर्गात वापरला. माझ्या छडीची नगरमधल्या पोरांना धास्ती होती. मला त्याचा अभिमान होता, हेही लिहिलं पाहिजे.

बायको जामखेडकडची. तिचे लोकही ख्रिस्ती, पण शेतकऱ्यांच्या शेजारात वाढलेले. चंद्र बघून पेरणी करणारे. लग्न झाल्यावर ती एकदा म्हणाली, "उद्या पुनव हाय, चांदण्यात कपडे धुवून टाकते." मी तिच्याकडे नुसतं बघितलं. तिनं तो शब्द पुन्हा काढला नाही. काढला तो थेट त्या किनाऱ्यावर.

तिला ते चर्च बघायचं होतं. मी इतकं वर्णन केलं होतं की तिच्या थोरल्या भावालाही बघायचं होतं. हा माझा मेव्हणा विहिरी खोदायचा. सुरुंग लावून खडक फोडायचा, दोरावरून खाली उतरायचा. दंड माझ्या मांडीएवढे. मला तो नेहमी "मास्तर" म्हणायचा. त्या शब्दात आदर आणि चेष्टा अर्धी अर्धी असायची. ईस्टरच्या सुट्टीत आम्ही तिघं निघालो. उत्तम शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची, उपासना वाटेतच, मोटारीत बसून मनात केली. संध्याकाळी त्या गावात पोचलो आणि एका कोळी म्हातारीच्या पडवीत उतरलो.

सकाळी न्याहारी करून मी निघायची घाई केली. किनाऱ्यावर आलो तर वाळूच्या पट्टीवर घोटाभर पाणी होतं.

"बघा," मी म्हणालो, "आत्ताच एवढं कमी आहे. दुपारपर्यंत कोरडी होईल. आपण जाऊन निवांत बसू आणि कोरड्यावरून परत येऊ."

मेव्हण्यानं धोतर खोचलं. बायको मात्र उभीच राहिली.

"अहो," ती म्हणाली, "पानी उतरत न्हाई. चढतंय. आपन आलो तवा तो खडक उघडा हुता. आता बघा."

"लाट आली असेल."

"लाट न्हाई. त्या आजीनं सकाळी सांगितलं मला. उधान हाय म्हनली, दुपारच्याला इथं बुडंल एवढं पानी असतंय. रातीचं चांदनं न्हाई का बघितलं? पुनव हाय आज."

काही कोळी जाळी निवडत बसले होते. त्यांतला एक आमच्याकडे बघून हसला. बहुतेक तो दुसऱ्याच कशाला हसला असेल. पण मी ते हसू माझ्यावर घेतलं. ज्या समुद्रावर मी नगरच्या सगळ्या मंडळीला शिकवण दिली होती, तो समुद्र ही मला शिकवत होती. आणि तेही आमच्या घरात जाळलेल्या शब्दानं.

मी तिच्या तोंडात मारली. उघड्या हातानं, सगळा जोर लावून. ती वाळूत बसली. नाकातून रक्त आलं आणि हनुवटीवरून लुगड्यावर ठिबकलं.

"पुनव-अवस काढायला तू भटीण आहेस का?" मी ओरडलो.

"मास्तर!" मेव्हणा मध्ये आला. त्यानं माझं मनगट धरलं, आणि एक क्षण मला वाटलं की तो ते काडीसारखं मोडणार. मोडलं असतं तर बरं झालं असतं. पण मी जावई होतो. त्यानं हात सोडला आणि बहिणीला म्हणाला, "ऊठ गं. चल. भांडान घरी करा."

"मी न्हाई येत," ती म्हणाली. "दादा, तूबी जाऊ नगं."

"लहानपनापास्नं विहिरीत पोहतोय मी. ह्या घोटाभर पान्याला भिऊ व्हय?" तो हसला. तिला हसवायचा प्रयत्न होता तो. ती हसली नाही.

आम्ही दोघं गेलो. मध्यावर पाणी गुडघ्याला लागलं. मला ते दिसलं. मी बोललो नाही.

चर्च होतं तसंच होतं. मेव्हण्यानं कमानीचे दगड हातानं चाचपले. चुना कसला, जोड कसा, हे तो आपल्या धंद्याच्या नजरेनं बघत होता. मी स्तोत्र म्हटलं नाही. सगळा वेळ माझे कान आवाजाकडे होते. आवाज आलाच नाही. मी कमानीतून किनाऱ्याकडे वळून बघितलं तेव्हा पट्टी नव्हती. पाणी समोरून आलं नव्हतं. ते मागून, किनाऱ्याच्या बाजूच्या खोलगट जागेतून, मांजरासारखं आलं होतं.

आता खरी चूक सांगतो. आम्ही त्या बेटावर नुसते बसून राहिलो असतो तर काही झालं नसतं. भिंतींच्या आतला चौथरा उधाणातही कोरडा राहतो. संध्याकाळी पाणी उतरलं असतं आणि आम्ही चालत परतलो असतो. मेव्हणा म्हणालाही, "बसू की हितंच. दशम्या हायतच."

पण ती किनाऱ्यावर बसली होती. इतक्या लांबून तिचा चेहरा दिसत नव्हता, पण ती आमच्याकडेच बघत होती. दिवसभर आम्ही अडकून पडलेले तिला दिसणार, ती बरोबर ठरणार, आणि ते हसणारे कोळीही ते बघणार. मला ते सहन होईना.

"अजून कमरेएवढंच आहे," मी म्हणालो. "आत्ताच निघू."

तो माझ्या शब्दावर उतरला.

विहिरीचं पाणी माणसाला धरून ठेवतं. हे पाणी ओढत होतं. पहिल्या काही पावलांतच ते छातीला लागलं आणि दोन बाजूंच्या लाटा आमच्यावर एकत्र आपटल्या. मी खाली गेलो. नाकातोंडात वाळू गेली. वर आलो तेव्हा मेव्हणा माझ्या पुढं पोहत होता, जोरात, विहिरीत पोहावं तसा सरळ. पुढच्या लाटेनं त्याला उचललं आणि बेटाच्या कडेच्या खडकावर फेकलं. त्याचा पाय दोन दगडांच्या फटीत गेला. तो उभा राहायला लागला तोच पुढची लाट आली आणि तिनं त्याचं सगळं अंग पिळलं. पाय तिथंच राहिला. हाड मोडल्याचा आवाज मी लाटांच्या आवाजात ऐकला. ज्या आवाजाची मी सकाळपासून वाट बघत होतो, त्याऐवजी हा आला.

तो ओरडला. मग पाण्यानं त्याचं तोंड बंद केलं. मी त्याचे केस धरले आणि वर ओढले. पुन्हा लाट, पुन्हा ओढले. कालवांच्या शिंपांनी माझे तळवे, छाती, गुडघे फाडले. आमच्या भोवतीचं पाणी लाल व्हायचं आणि लाटेनं धुतलं जायचं, पुन्हा लाल व्हायचं. एका लाटेत त्यानं माझ्या गळ्याला मिठी मारली आणि आम्ही दोघं खाली गेलो. तेव्हा मी त्याच्या तोंडावर बुक्की मारली, सुटायला. हे मी आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. त्याला आठवतं की नाही मला माहीत नाही.

होडी कधी आली ते मला कळलं नाही. बायको वाळूतून धावत कोळ्यांकडे गेली होती. त्यांनी तिचं ऐकलं. खडकापाशी आणताना होडीची एक बाजू फुटली. त्यांनी मेव्हण्याचा पाय फटीतून काढला तेव्हा तो शुद्धीवर नव्हता, आणि ते बरं झालं. मला एकानं बखोट धरून आत टाकलं आणि वर एक लाथ घातली.

"घाटी कुठचे! एवढी ती बाई सांगत होती तुला, कान नव्हते?"

किनाऱ्यावर तिनं भावाचं डोकं मांडीवर घेतलं. माझ्याकडे बघितलं नाही. तिच्या नाकाखालचं रक्त वाळलं होतं.

मेव्हणा वाचला. अलिबागला पाय बांधला, मग गाडीतून, मोटारीतून, आगगाडीतून त्याला नगरला आणलं. वाटभर तो दातात पंचा धरून होता. पाय वाचला, पण आखूड झाला. दोरावरून विहिरीत उतरणं संपलं. पुढं तो जामखेडच्या बाजारात दोर आणि मोटा विकत बसायचा. मला तो म्हणाला, "मास्तर, पान्यात मीच उतरलो. तुमी काय ढकललं न्हाई." त्यानं मला इतक्या सहज सोडलं की मला ते शिक्षेसारखं वाटलं.

पाळकसाहेबांच्या सल्ल्यानं मी एका रविवारी मंडळीपुढं उभा राहिलो आणि माझी चूक कबूल केली. वेळेचा अंदाज चुकला, माझ्या अहंकारानं मेव्हण्याचा पाय अधू झाला, असं म्हणालो. लोकांचे डोळे पाणावले. माझ्यासाठी प्रार्थना झाली. बायको बायकांच्या बाजूला बसली होती. तिच्या गालावरचा काळा डाग आता पिवळा पडला होता. तो डाग खडकावर आपटल्याचा असेल असं सगळ्यांनी धरलं. मी धरू दिलं.

त्या दिवसापासून तिनं मला कशाचीही सूचना दिली नाही. ती बोलायची, स्वयंपाक करायची, मुलांना माझ्या पाया पडायला लावायची. पण "अहो, जपा" हे तिच्या तोंडून गेलं. शेजारणीला ती सांगे, पायरी निसरडी आहे. गडीमाणसाला सांगे, बैल मारका आहे. मी त्याच पायरीवरून घसरायचो आणि ती फक्त हळद आणून द्यायची.

एकदा आडावर पाणी शेंदताना पोहऱ्याचा दोर तुटला. मी मागं कोलमडलो, हनुवटी दगडी पायरीवर आपटली आणि खालच्या जबड्याचा दात पडला. ती कडेलाच कपडे धूत होती. दोर घासून घासून झिजला होता, आंधळ्यालाही दिसला असता.

"तुला दिसत नव्हतं?" मी रक्त थुंकत ओरडलो.

"दिसत हुतं."

"मग बोलली का नाहीस?"

ती कपडा आपटत राहिली. मी हात उचलला. तिनं कपडा खाली ठेवला, तोंड पुढं केलं आणि डोळे उघडे ठेवून वाट बघत राहिली. भीती नव्हती त्या चेहऱ्यावर. माझा हात वरच राहिला. मग मी तो खाली आणला आणि त्यानं माझंच तोंड पुसलं. त्यानंतर मी तिला मारलं नाही. वर्गातली छडीही पुढं सुटली, पण ते हळूहळू, आणि त्याचं श्रेय मी घेऊ शकत नाही.

दरम्यान समुद्राबद्दल मी खूप शिकलो. भरती कुठल्या तिथीला केव्हा येते ते विचारून घेतलं. आणि पाळकसाहेबांशी बोलताना कळलं की ईस्टरचा रविवार हा पुनवेवरूनच ठरतो; वसंतातल्या पुनवेनंतरचा रविवार. वडिलांनी ज्या शब्दासाठी छडी मोडली, त्याच शब्दावर आमचा सगळ्यात मोठा सण उभा होता. ईस्टरच्या सुट्टीत समुद्रावर जाणारा ख्रिस्ती मास्तर उधाणाच्याच आसपास तिथं पोचणार, हे ठरलेलंच.

मग माझा उपदेश पुन्हा सुरू झाला, आणि आता तो अचूक होता. ईस्टरला जाऊ नका. अष्टमीच्या सुमाराला जा, तेव्हा दुपारी ओहोटी असते. पाण्याचा आवाज ऐकू नका, एखादा खडक हेरून ठेवा आणि तो बुडतोय का बघा. अडकलात तर बेटावरच बसा. "हे मी माझ्या अनुभवानं सांगतो," असं मी शेवटी म्हणायचो. ती घरात असायची. ऐकायची.

स्वातंत्र्य आल्यानंतरची गोष्ट. ईस्टर जवळ आला होता. शाळेतले दोन तरुण मास्तर सुट्टीत कोकणात जायचं म्हणून माझ्याकडे आले. सोबत बायकांनाही नेणार होते. मेव्हणाही त्या दिवशी आला होता, आखूड पाय लांब करून भिंतीशी बसला होता. बायको ओसरीच्या टोकाला सुपात ज्वारी पाखडत होती. मी दशम्यांपासून सुरुवात केली. सुरई, नारळ, फुरसं, भिंती. मग समुद्र. ईस्टर टाळा म्हणालो, का ते सांगितलं, खडक हेरायचं सांगितलं.

"खडक हेरायचा, हे भारी आहे," त्यांतला एक म्हणाला. "हे कसं सुचलं तुम्हाला, गुरुजी?"

सूप थांबलं.

माझ्या तोंडात "अनुभवानं" हा नेहमीचा शब्द आलेला होता. मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. सुपातल्या ज्वारीकडे बघत होती, आणि हात तसाच हवेत होता. ती काही बोलणार नव्हती. मी त्या लोकांना बुडायला पाठवलं असतं तर ती माझ्या पाठीमागं जाऊन त्यांना सांगून आली असती, पण मला काही म्हणाली नसती. ते दार माझ्याच हातानं बंद झालं होतं, आणि तो हात त्या वेळी मांडीवर पडलेला मला दिसत होता.

"मला सुचलेलं नाही," मी म्हणालो. "हिनं सांगितलं होतं. तिथंच, किनाऱ्यावर, पाणी घोटाभर असताना. खडक बुडतोय म्हणाली, पुनव आहे म्हणाली. मी हिच्या तोंडात मारली. हिचं रक्त काढलं. गालावरचा डाग खडकाचा नव्हता, माझ्या हाताचा होता. मंडळीपुढं मी ते लपवलं, आणि एवढी वर्षं हिचं बोलणं माझं म्हणून सांगत आलो."

दोघं तरुण खाली बघायला लागले. मेव्हण्यानं डोळे मिटले. मी उठलो आणि ओसरीच्या टोकाला जाऊन तिच्यासमोर जमिनीवर बसलो, सुपाच्या पलीकडे. सगळ्यांसमोर मारलं होतं. एकांतात मागितलेली माफी पुरली नसती.

"तू बरोबर होतीस," मी म्हणालो. "ते मला तेव्हाच दिसलं होतं, गुडघ्याला पाणी लागलं तेव्हा. तुला मारलं ते सगळ्यांसमोर चुकीचा ठरायला मी भ्यालो होतो म्हणून. तुझ्या दादाचा पाय माझ्यामुळं गेला, आणि तुझा शब्दही. मला माफ कर."